बरोबर उत्तर, चुकीची मराठी

आपल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत मी गेली काही वर्षं शिकवते. शाळा म्हणजे काय, तर भाड्याने घेतलेली एक खोली, घडीच्या खुर्च्या, पांढरा फळा आणि सॉकरची प्रॅक्टिस बुडवून आणलेली बारा-चौदा मुलं. बराच काळ आम्ही तिथे फक्त मराठीच शिकवत होतो. काना-मात्रा, फळांची नावं, रंगांची नावं, 'माझी आई' या विषयावर पाच ओळी. मुलं बिचारी सोशिक, मुकाट्याने लिहायची. पण एरवी शाळेत अपूर्णांकांचे गुणाकार करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला रविवारी 'आंबा पिवळा आहे' एवढंच म्हणायला लावणं, यात त्याच्या बुद्धीचा थोडा अपमानच आहे, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

मग ठरवलं की काही दिवस मराठी शिकवायची नाही, मराठीतून काहीतरी शिकवायचं. विषय मुलांनीच दिला. "काकू, गणपतीची डेट दरवर्षी चेंज का होते?" घरोघरच्या स्वयंपाकघरांतून जुनी कालनिर्णयं मागवली. २०२२ साली गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, २०२३ साली १९ सप्टेंबरला, २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला. मुलांनी आकडे फळ्यावर मांडले. दरवर्षी अकरा-बारा दिवस मागे, आणि एकदाच एकदम एकोणीस दिवस पुढे! असं का? अमावस्या, पौर्णिमा, पक्ष, तिथी हे शब्द मी पाठ करून घेतले नाहीत. ते लागायलाच लागले, कारण त्यांच्याशिवाय बोलणंच पुढे जाईना. साडेएकोणतीस दिवसांचा एक चांद्रमास, असे बारा म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. उरले अकरा.

एवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उठून उभा राहिला. एरवी हा तोंड उघडत नाही. "काकू, चंद्राचा वर्ष छोटा आहे. ते इलेव्हन दिवस आधी संपतो. मग खूप इलेव्हन झाले की एक महिना जास्त टाकतात!"

अधिक महिना! कोणी न सांगता त्याने तो शोधून काढला होता. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, म्हणूनच ती उडी. आणि मी काय म्हणाले? "'चंद्राचा वर्ष' नाही रे, 'चंद्राचं वर्ष'. वर्ष नपुंसकलिंगी."

"ओके," म्हणून तो खाली बसला. त्या दिवशी पुन्हा काही बोलला नाही.

घरी येताना गाडीत मला माझी अकरावी आठवली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गावात पहिली आलेली मी, शहरातल्या एका कॉलेजात सायन्सला गेले आणि सगळं एका रात्रीत इंग्रजी झालं. त्वरण, घर्षण, गुरुत्वाकर्षण हे सगळं मला ठाऊक होतं, पण मराठीत. एकदा सरांनी प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं, क्रियापद चुकलं. सरांनी क्रियापद सुधारलं, वर्ग हसला. उत्तर बरोबर होतं की नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. पुढची दोन वर्षं मी वर्गात हात वर केला नाही. आज हे हसत सांगता येतं, पण तेव्हा आपण अचानक मठ्ठ झालो आहोत असं मला खरोखरच वाटत होतं.

विषयातून भाषा शिकवण्याची पद्धत काही माझी नाही. कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या गावात १९६५ साली इंग्रजीभाषक पालकांनी आग्रह धरून बालवाडीचा एक वर्ग सुरू करवला. त्यात मुलांना फ्रेंच हा विषय म्हणून शिकवला नाही, सगळी शाळाच फ्रेंचमधून चालवली. मॅकगिल विद्यापीठातले वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९७२ साली पुस्तक लिहिलं. मुलांचं फ्रेंच नेहमीच्या तासांतून शिकणाऱ्यांपेक्षा पुष्कळ चांगलं झालं, आणि इंग्रजीचं काही बिघडलं नाही.

आणि अमेरिकेत पाहा. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत सुमारे १,८०० चिनी मुलं अशी होती, की त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यासाठी कसलीही मदत मिळत नव्हती. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७४ च्या 'लाउ विरुद्ध निकोल्स' निकालात न्यायालयाने म्हटलं की सर्वांना सारखीच पुस्तकं आणि सारखेच शिक्षक दिले म्हणजे सर्वांना सारखी वागणूक मिळाली, असं होत नाही. वरवर पाहता दोन्हीकडे गोष्ट एकच होती, परक्या भाषेतून विषय शिकणं. पण सेंट लॅम्बर्टच्या मुलांची स्वतःची भाषा भक्कम होती, निवड त्यांच्या पालकांची होती, आणि सगळा वर्ग एकाच पायरीवर उभा होता. चिनी मुलांना मात्र सरळ पाण्यात ढकललं होतं.

माझी अकरावी दुसऱ्या प्रकारात बसते. मग रविवारचा माझा वर्ग कुठल्या? मला वाटायचं, अर्थात पहिल्या! या मुलांची इंग्रजी भक्कम आहे, सोमवारी ती आपापल्या शाळेत राजे असतात. पण रविवारच्या त्या दोन तासांत भाषा माझ्या हातात असते. एवढी सत्ताही एका मुलाला गप्प बसवायला पुरली.

हा किस्सा मी आमच्याकडे पुण्याहून आलेल्या एका आजोबांना सांगितला. ते म्हणाले, "मग काय, 'चंद्राचा वर्ष' चालू द्यायचं? भाषा म्हणजे काय वाटेल तसं बोलायची गोष्ट आहे?" त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. कॅनडातल्याच मेरिल स्वेन या संशोधक बाईंनी १९८५ साली दाखवून दिलं की अशी वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकलेली मुलं जवळजवळ फ्रेंच मुलांइतकी समजून घेतात, पण बोलताना आणि लिहिताना त्यांच्या चुका तशाच राहतात. कान भरपूर तयार झाले, पण स्वतः नेमकं बोलायची वेळ पुरेशी आलीच नाही, हे त्यांनी त्याचं एक कारण सांगितलं. शिवाय आणखी एक आहे. 'कशीही बोल, चालेल' असं म्हणणं हे वरकरणी प्रेमळ, पण त्यात एक छुपा निष्कर्ष असतो : तुझ्याकडून यापेक्षा जास्त होणार नाही. भारतात गेल्यावर चुलतभावंडं त्याच 'छोटा वर्ष'ला हसतात, तेव्हा आपण तिथे नसतो.

तेव्हा चूक सुधारायची की नाही, हा माझ्या मते प्रश्नच नाही. मूल एखादी खरी गोष्ट मोडक्या भाषेत सांगतं, तेव्हा आपण आधी कशाला उत्तर देतो, हा प्रश्न आहे. मी लिंगाला उत्तर दिलं. त्याला ऐकू आलं ते असं, की या बाईंना मी काय शोधलं याच्याशी काही देणंघेणं नाही. शिक्षकाने कोणाचा अपमान करायचं मनात आणावं लागत नाही, उत्तराचा क्रम चुकला तरी पुरतो.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मागच्या वेळी याने अधिक महिना शोधून काढला आणि मी ऐकलंच नाही. पुन्हा सांगतोस?" तो लाजला, पण बोलला. मी फक्त मध्ये मध्ये म्हणत गेले, "बरोबर, चंद्राचं वर्ष छोटं, ते आधी संपतं." मग त्याला गृहपाठ दिला : हेच सगळं भारतातल्या आजीला फोनवर समजावून सांग. आजीला इंग्रजी येत नाही, त्यामुळे 'इलेव्हन' चालणार नव्हतं. मला वाटतं, या एका फोनने माझ्या दहा तासांपेक्षा जास्त काम केलं.

आजीने अर्थात त्यालाच शिकवलं. तिकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाला तेहतीस अनारसे देतात, वगैरे. पुढच्या रविवारी तो दारातूनच ओरडत आला. "काकू, तेहतीस का? साडेएकोणतीस भागिले अकरा केला तर दोन पूर्णांक सात वर्ष येते. म्हणजे बत्तीस-तेहतीस महिने! म्हणून तेहतीस अनारसा?"

मी म्हटलं, बरेच लोक कारण तेच सांगतात. पण मग २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या अधिक महिन्यानंतरचा पुढचा अधिक ज्येष्ठ २०२६ च्या मे महिन्यात कसा? ते तर चौतीस महिने होतात. तो क्षणभर थांबला, मग खडू मागितला. पांढऱ्या फळ्यावर खडू चालत नाही, हे मी त्याला त्या दिवशी तिसऱ्यांदा सांगितलं.