माळ्यावरचा कंदील

भाच्याने कंदील माझ्यापुढे ठेवला. गार्डचा हातकंदील, पत्र्याचा. वरची टोपी फिरवली की आत लाल-हिरवी काच सरकते. हिरवी मध्येच अडकत होती. बुडाशी ठसा : बी.एल.आर., म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. 1897 साली आमच्या कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी रुळांवर निघालेली गाडी तीच.

"मामा, कोपऱ्यावरच्या कचऱ्यात मिळाला. दोन रात्री बसून गंज काढला, ओएलएक्सवर टाकला. चार हजारांना पुण्याचं गिऱ्हाईक ठरलं, आणि आता तात्यांच्या घरचे म्हणतात परत दे, नाहीतर पोलिसांत जातो. टाकला त्यांनीच ना!"

"टाकला कुणी?"

"सुनेनं. माळा साफ करताना."

"आणि कंदील कुणाचा?"

"तात्यांचा. ते अंथरुणावर आहेत, त्यांना कुठं माहितीय."

"मग टाकला कसा म्हणायचा? मालकाने सोडली तर वस्तू सुटते. तात्यांच्या लेखी तो अजून माळ्यावरच आहे."

"म्हणजे मी चोर?"

"नाही रे. जुनं 403 कलम, आता न्याय संहितेत 314. त्यात उदाहरण दिलंय : किमती अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली, तर गुन्हा. सापडणं हा गुन्हा नाही. ढिगात दिसला म्हणून तू उचललास, इथवर तुझं काही चुकलं नाही. पण आता तुला मालक माहीत झालाय."

"अंगठी असती तर मीही विचारलं असतं. गंजक्या कंदिलाचं कोण विचारतं? ढिगात होता तोवर कुणी ढुंकून पाहिलं नाही. चार हजार ऐकले आणि मालकी आठवली!"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. पोरगं खरं बोलत होतं. मी त्याला जर्मनीतली गोष्ट सांगितली. गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराच्या घराबाहेरच्या कचऱ्यातून एकाने चार रेखाटनं उचलली आणि विकायला काढली. कोलोनच्या कोर्टाने 2019 मध्ये त्याला दंड केला. चित्रकाराने टाकली तरी ती त्याचीच, असं ठरलं.

"तिथं तर मालकानंच टाकलेली!"

"म्हणूनच मला तो निकाल सगळा पटत नाही. टाकणाऱ्याचा हक्क असा डब्यातही जिवंत ठेवला, तर कचरा वेचून पोट भरणाऱ्यांनी हात कशाला लावायचा? कचरा वेचणं हे कष्टाचं काम आहे, एवढं मान्य करून घ्यायला पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी करावी लागली. तुझी बाजू हलकी नाही. पण तात्यांनी काहीच टाकलेलं नाही."

"आणि हा ठसा? तात्यांकडं तरी पावती आहे का?"

हे मला सुचलं नव्हतं. 1954 मध्ये बार्शी लाइट सरकारने घेतली. 1966 च्या कायद्याप्रमाणे रेल्वेचा माल चोरीचा असल्याचा रास्त संशय आला, तर तो सरळ मार्गाने आला हे दाखवायची जबाबदारी ज्याच्या हाती माल सापडतो त्याच्यावर. तात्यांनी तो लिलावात घेतला असेल, कुणी आठवण म्हणून दिला असेल. इतक्या वर्षांची पावती कोण ठेवतं? मी हे त्याला सांगितलं.

"म्हणजे घरचे पोलिसांत जायचे नाहीत," भाचा हळूच म्हणाला.

"नाही जायचे. तरी तू तात्यांकडे जा. सुनेकडे नको, मुलाकडे नको. कंदील त्यांच्या हातात दे आणि विचार."

"ते 'घेऊन जा' म्हणाले तर?"

"तर खुशाल वीक."

"आणि ठेवून घेतला तर? माझ्या दोन रात्री?"

"मजुरी माग. 1872 च्या करार कायद्यात सापडलेली वस्तू जपणाऱ्याचा विचार केलाय. श्रम-खर्चासाठी दावा लावता येत नाही, पण भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते."

"म्हाताऱ्या माणसापुढं कंदील अडवून धरू?"

मी काही बोललो नाही. त्याने गिऱ्हाइकाला दोन दिवस थांबायचा मेसेज केला. कंदील पोत्यात घातला, पुन्हा बाहेर काढला आणि हातातच धरून तात्यांच्या गल्लीकडे निघाला.