प्रार्थनेत भरकटणारे मन

तिन्हीसांजेला आपल्या घरांतून जपमाळेला सुरुवात होते. पहिले रहस्य आपण मन लावून म्हणतो. दुसऱ्या रहस्यात उद्याच्या बाजाराचा हिशेब मनात शिरतो, तिसऱ्यात मुलीच्या परीक्षेची काळजी. आणि चौथ्यात तर शेजाऱ्याशी कुंपणावरून झालेला जुना तंटा आपण मनातल्या मनात पुन्हा एकदा भांडून घेतो. ओठ मात्र ‘नमो मरिया’ म्हणत असतात. अशा प्रार्थनेला काही अर्थ आहे काय? की ते केवळ ढोंग आहे? हा प्रश्न क्षुल्लक नाही. कारण ‘मन लागत नाही’ एवढ्याच कारणासाठी अनेक प्रामाणिक माणसे प्रार्थना सोडून देतात.

हा विकार आजच्या धावपळीने जन्मास घातलेला नाही. मोबाइलने त्यात भर घातली, हे खरे. परंतु चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांपाशी ना मोबाइल होता, ना संसार. तरीही त्यांचे मन भटकत असे. त्यांच्यापैकीच एक असलेल्या एव्हाग्रियसने अशा कंटाळलेल्या साधकाचे वर्णन केले आहे. दिवस किती उरला हे पाहण्यासाठी तो वारंवार सूर्याकडे डोळे लावतो! सोळाव्या शतकातील आव्हिलाच्या संत तेरेजाने तर आत्मचरित्रात सांगून टाकले आहे, की काही वर्षे प्रार्थनेच्या वेळी तिचे कान घड्याळाच्या टोल्यांकडेच लागलेले असत. याच तेरेजाला १९७० साली परमगुरू सहावे पॉल यांनी ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले.

मग दोष नेमका कशात आहे? संत थॉमस अक्वायनस यांनी याचा बारकाईने विचार केला आहे. ज्या हेतूने आपण प्रार्थनेला बसलो, त्या हेतूचे बळ मन नकळत भरकटल्याने नाहीसे होत नाही, असे ते सांगतात. वांद्र्याच्या मोत माउलीच्या यात्रेला निघालेला भाविक पावलागणिक माउलीचे चिंतन करीत नाही. तरी त्याचे प्रत्येक पाऊल तिच्याकडेच पडत असते. मात्र जाणूनबुजून मनाला मोकाट सोडणे हा दोषच होय. विचार दाराशी येणे आपल्या हाती नसते. त्याला पाट मांडून बसविणे आपल्या हाती असते.

यावर पुष्कळजण कपाळाला आठ्या घालून विचारांशी झुंजू लागतात. त्यातून एवढेच होते, की परमेश्वराऐवजी आपले लक्ष त्या विचारांवरच खिळून राहते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथानेही अशा पाठलागापासून सावध केले आहे. आपले मन कशात गुंतले आहे, हे विक्षेप दाखवून देतो. ते ओळखावे आणि प्रभूकडे वळावे, असा त्याचा आशय आहे.

आम्हांला वाटते, खरी कसोटी येथेच आहे. लूकच्या शुभवर्तमानातील मार्था वाईट कामात गुंतली नव्हती. ती प्रभूच्याच पाहुणचारात होती. प्रभूने तिच्या सेवेला दोष दिला नाही, तिच्या दगदगीला दिला. याउलट मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू वेदीपाशी उभ्या असलेल्या माणसाविषयी बोलतो. आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, याची त्याला अर्पण करताना आठवण होते. आपण याला विक्षेप म्हटले असते! परंतु प्रभू त्याला ती आठवण झटकून टाकायला सांगत नाही; अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला सांगतो. तेव्हा जपमाळेत कुंपणाचा तंटा दररोज आठवत असेल, तर त्या शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखविणारा कदाचित स्वतः प्रभूच असेल.

हे ओळखावे कसे? जी काळजी नुसती घुमत राहते आणि आपल्याकडून काहीच करवून घेत नाही, ती प्रभूच्या पायाशी ठेवावी. ज्या आठवणीतून एखादे कर्तव्य पुढे येते, तिचा मान राखावा. अर्थात हे प्रार्थनेतून उठून जाण्याचे निमित्त होऊ नये. वेदीपासून निघालेल्या त्या माणसाने आपले अर्पण परत नेले नव्हते. त्याला पुन्हा तेथेच यायचे होते.

बाकी उपाय साधेच आहेत. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. थोडेच, पण सावकाश म्हणावे. मुलीच्या परीक्षेचा विचार आला, तर तिचे नाव घेऊन पुढच्या मण्यावर जावे. आणि मन भटकल्याचे ध्यानी येताच स्वतःवर न चिडता परतावे. एका प्रार्थनेत वीस वेळा भटकून जो वीस वेळा परतला, त्याने वीस वेळा परमेश्वराची निवड केली. उधळ्या पुत्राच्या पित्याने मुलगा किती दूर गेला होता हे मोजले नाही. तो परत येत आहे, एवढेच त्याने पाहिले.