आधी 108, मग मौन

वर्तकनगर, ठाणे

चि. सईस,


लायसन्स मिळालं, अभिनंदन. ‘गाडीखाली कुणी आलं तर वकील येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, तो आपला हक्क आहे,’ असं तुझे मित्र सांगतात म्हणे. ते अर्धंच खरं आहे.

हक्क आहेच. संविधानाच्या अनुच्छेद 20(3) प्रमाणे आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाबही त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. कोठडीत मारहाण करून गुन्हा वदवून घेऊ नये, म्हणून ही तरतूद. तिला पळवाट म्हणू नकोस.

पण ती जबानीपुरती. बोटांचे ठसे देणं म्हणजे साक्ष देणं नाही, असं 1961 साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी काथी कालू ओघड खटल्यात ठरवलं. रक्ताच्या नमुन्यालाही तोच न्याय. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याला कार्टर रोडच्या फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. चालक अ‍ॅलिस्टर परेराच्या 100 मिली रक्तात 112 मिलिग्रॅम मद्य निघालं. मर्यादा 30 ची. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने मात्र, अशा चालवण्याने जीव जाऊ शकतो हे त्याला कळत होतं, म्हणून सदोष मनुष्यवध मानला आणि तीन वर्षं दिली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

2024 च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघाताच्या प्रकरणात तर रक्ताचे नमुने बदलल्याचा आणि गुन्हा अंगावर घ्यायला ड्रायव्हरवर दबाव आणल्याचा आरोप झाला. स्वतः गप्प राहणं हक्कात बसतं. दुसऱ्याला खोटं बोलायला लावणं बसत नाही.

शिवाय रस्त्यावर गप्प राहायची मुभा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं चालकावर बंधनकारक आहे. जमाव अंगावर आला तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा, घरी नको. गाडी बाबांच्या नावावर आहे. कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर कलम 133 प्रमाणे त्यांना सांगावंच लागेल. आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास आता, न्याय संहितेच्या कलम 106(1) खाली, पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

तेव्हा पोखरण रोडवर रात्री कधी दुर्दैव ओढवलंच, तर पहिला फोन 108 ला, दुसरा पोलिसांना, तिसरा मला. चूक कोणाची, यावर मात्र मी येईपर्यंत बोलू नकोस.

तुझे,
आजोबा