न दिसणारा शेजारी

सभागृहाच्या छपरावर सौर पॅनेल बसवावीत, असा विषय आमच्या धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत निघाला. एकमत होणार असे वाटत असतानाच एका तरुणाने विचारले, "फादर, ही वीज खरोखरच इतकी स्वच्छ असते का?" बैठक क्षणभर गप्प झाली. मला मात्र तो प्रश्न खोडसाळ वाटला नाही. सत्कार्याचाही हिशेब मागणे, हे विवेकाचेच काम आहे.

सूर्य कोणाला बिल पाठवीत नाही. पण पॅनेल आकाशातून पडत नाहीत. गारगोटीच्या दगडातून सिलिकॉन काढण्यासाठी विद्युतभट्टी 2,000 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावी लागते आणि तीत कोळसाही घालावा लागतो. जगातील बहुतेक पॅनेल चीनमध्ये तयार होतात, आणि तेथील निम्म्याहून अधिक वीज कोळशावरच निर्माण होत आली आहे. पॅनेलच्या सांध्यांत बहुधा शिसे असते. 25-30 वर्षांनी ते निकामी झाल्यावर कोठे जाणार? हा प्रश्न ओळखूनच भारत सरकारने 2022 च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश केला.

जमिनीचाही प्रश्न आहे. राजस्थानात भडला येथील 2,245 मेगावॅटचा सौर प्रकल्प सुमारे 14,000 एकरांवर पसरला आहे. शहरवासीयांना जे वाळवंट ओसाड दिसते, ते मेंढपाळाचे कुरण असते आणि माळढोकाचे घरही. विजेच्या तारांवर आदळून माळढोक मरतात, म्हणून 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. 2024 साली तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला.

मग पॅनेल नकोतच का? असे म्हणणे म्हणजे एकच पारडे पाहून तराजूचा निकाल देणे होय. दुसऱ्या पारड्यात कोळसा आहे. हवामानबदलविषयक आंतरराष्ट्रीय समितीच्या 2014 च्या अहवालानुसार, निर्मितीपासूनचा सारा हिशेब धरूनही छपरावरील सौरविजेच्या एका युनिटमागे सुमारे 41 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. कोळशाच्या विजेमागे 820 ग्रॅम. पॅनेल घडविताना खर्ची पडलेली ऊर्जा आपल्याकडच्या उन्हात थोड्याच वर्षांत भरून निघते. राख म्हणजे काय, हे चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राजवळ राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

निवाडा पॅनेलच्या बाजूनेच लागतो. परंतु निवाडा लागला म्हणून ऋण फिटत नाही. दिवा आपल्या घरात लागतो; झळ मात्र चंद्रपूरला, भडल्याला किंवा दूरच्या एखाद्या भट्टीवरील कामगाराला लागते. "माझा शेजारी कोण?" या प्रभूला विचारल्या गेलेल्या प्रश्नाला आज हे नवे उत्तर आहे: ज्याची झळ आपल्याला दिसत नाही, तो.

म्हणूनच मला छप्पर मोलाचे वाटते. तेथे कोणाचे कुरण जात नाही. 2008 साली व्हॅटिकनमधील पोप सहावे पॉल सभागृहाच्या छतावर सुमारे 2,400 पॅनेल बसविण्यात आली, तीही नवी जमीन न व्यापता.

आम्ही ठराव मंजूर केला. त्यात दोन ओळी अधिक घातल्या: आधी विजेचा वापर कमी करावा, आणि जुनी पॅनेल योग्य ठिकाणी पोहोचविण्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. ऊन फुकट मिळते, म्हणून रिकाम्या सभागृहात पंखे फिरत राहिले, तर आपण केवळ उधळपट्टीचे इंधन बदलले, एवढेच होईल.