कैवार आणि पारख

पोकेमॉन व्हिडिओगेमची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन डीसी इथे झाली. मास्टर्स या सर्वांत वरच्या वयोगटात दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क विजेता ठरला. त्याच्या सहा प्राण्यांच्या संघात पचिरिसू नावाची एक पांढरी-निळी, विजेची खार होती. त्या पातळीवर ती कुणी वापरेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तेव्हापासून ही गोष्ट एकाच साच्यात घालून सांगितली जाते: सगळे अजस्र, दांडगे प्राणी घेऊन आले, एकाने गोंडस खार आणली आणि प्रेमाने बळावर मात केली. दोन मिनिटांच्या व्हिडिओत ती बसते, यशाची गुरुकिल्ली सांगणाऱ्या भाषणातही बसते. मला हे सांगणं नुसतं भाबडं वाटत नाही. पार्कने जे केलं त्यातला विचारच त्यातून काढून टाकलेला असतो, आणि उरलेल्या पोकळीत 'विश्वास ठेवा' एवढं भरलेलं असतं.

पोकेमॉनचा इतिहास सांगण्याची गरज नाही. १९९६ मधला गेम बॉयवरचा खेळ, मग पत्ते, मग मालिका. आपल्याकडे हिंदीतून ती मालिका पाहून वाढलेली मुलं आता नोकरीधंद्याला लागली आहेत. स्पर्धेची रीत मात्र थोडक्यात सांगायला हवी, कारण माझा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. प्रत्येक खेळाडू सहा प्राण्यांचा संघ आणतो. दोघेही एकमेकांचे सहा प्राणी पाहतात आणि त्यांतले चार निवडून लढतात. मैदानात एका वेळी दोन्ही बाजूंनी दोन-दोन प्राणी असतात. प्रत्येक प्राण्याला सहा मूळ आकडे: जीव, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव, वेग. प्रत्येकाला चारच चाली नेता येतात. सगळे एकाच क्षणी चाल ठरवतात, म्हणून समोरचा काय करील याचा अंदाज हा निम्मा खेळ असतो.

प्रेमाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक लाडका आधार आहे. १९९९ साली आलेल्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या भागांत करेन नावाची एक मातब्बर प्रशिक्षक भेटते. हरल्यावर ती जे ऐकवते त्याचा आशय असा, की बलवान-दुबळा हा भेद माणसांच्या स्वार्थी नजरेतून येतो, आणि खऱ्या कसबी माणसाने आपल्या आवडत्या प्राण्यांना घेऊन जिंकून दाखवावं. खेळ खेळलेल्या कितीजणांना हे तोंडपाठ असतं. पचिरिसूचा विजय म्हणजे करेनच्या म्हणण्यावर उमटलेली मोहोर, असं मग मानलं जातं.

करेनच्या म्हणण्याचा पूर्वार्ध मला पूर्ण मान्य आहे. बळ हे प्राण्याच्या अंगात गच्च भरून ठेवलेलं नसतं. पण त्यातून उत्तरार्ध निघतो कसा? बळ प्राण्यात नसेल, तर ते मालकाच्या जिव्हाळ्यात तरी का असावं? ते असतं संबंधात: शेजारी कोण उभा आहे, समोर कोण आहे, त्या वर्षीचे नियम काय आहेत. करेन पहिल्या वाक्यात प्राण्याकडे बघायला शिकवते आणि दुसऱ्या वाक्यात नजर पुन्हा माणसाकडे वळवते. ज्या स्वार्थी नजरेचा ती निषेध करते, तीच नजर 'माझा आवडता' या शब्दांतून परत येते.

शिवाय प्रेमाने जिंकता येत असतं, तर दरवर्षी पिकाचू जिंकला असता. पचिरिसूपेक्षा त्याच्यावर जीव टाकणारे जगात कितीतरी जास्त आहेत. तोही छोटा, तोही विजेचा, आणि त्याच्या मूळ आकड्यांची तेव्हाची बेरीज ३२०, म्हणजे पचिरिसूहून कमीच. दुबळ्याने जिंकावं हीच आस असेल तर तो अधिक योग्य नायक. मग पार्कच्या संघात पिकाचू का नव्हता? याचं उत्तर प्रेमाच्या भाषेत देताच येत नाही. त्या भाषेत सगळे लाडके प्राणी सारखेच असतात. एकाच्या जागी दुसरा घातला तरी गोष्ट तशीच राहते. मोठा जिव्हाळा दाखवणाऱ्या या मांडणीने प्राण्याकडे पाहिलेलंच नसतं. ती सांगणाऱ्या किती जणांना पचिरिसूच्या चार चाली सांगता येतील?

आणि जे हरले त्यांचं काय? आपला आवडता प्राणी घेऊन स्पर्धेला गेलेली, पहिल्या-दुसऱ्या फेरीत बाद झालेली मुलं दरवर्षी असतात. प्रेमाने जिंकता येतं असं एकदा मानलं, की त्यांच्या हरण्याचा एकच अर्थ उरतो: त्यांचं प्रेम तोकडं पडलं, किंवा कसब. त्यांना कुणी हे सांगत नाही की चूक प्रेमात नव्हती, त्या प्राण्यासाठी संघात जागाच नव्हती. वरवर एवढा कनवाळू दिसणारा हा विचार हरलेल्यांशी असा कठोर वागतो.

बाकीच्या मतांत मला फारसं तथ्य दिसत नाही. नशीब म्हणाल, तर नशीब सगळ्यांच्याच वाट्याला येतं. चकवा म्हणाल, तर तीन डावांच्या सामन्यात चकवा एकदाच चालतो. आणि ज्यांच्या वापराची टक्केवारी मोठी तेच प्राणी घ्यावेत असं म्हणणारे खेळाडू कालचा खेळ आज खेळत असतात.

आता जरा जवळून बघू. पार्कच्या संघात गॅराडोस होता. पाणी आणि उड्डाण अशा दोन प्रकारांचा हा प्राणी विजेपुढे अगदी हतबल. विजेचा मार त्याला चौपट लागतो. लढतीत बदलून मेगा रूप घेतल्यावर त्याचा उड्डाण-प्रकार जातो, तरी विजेचा मार दुप्पट राहतोच. समोर रोटॉमसारखा विजेचा प्राणी उभा असला तर तो काय करणार हे शेंबड्या पोरालाही सांगता येईल: गॅराडोसवर थंडरबोल्ट. आता शेजारी पचिरिसू ठेवा. तिची एक चाल 'फॉलो मी'. ही चाल केली की त्या फेरीत समोरच्यांचे एकावर नेम धरून केलेले हल्ले तिच्याकडे वळतात. आणि तिचा अंगभूत गुण 'व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब': विजेचा हल्ला बसला तर इजा शून्य, उलट एकूण जिवाचा पाव हिस्सा भरून निघतो. गॅराडोसला लोळवायला सोडलेला थंडरबोल्ट खारीचं औषध होतो, आणि गॅराडोसला एक अख्खी फेरी मोकळी मिळते.

समोरचा हे ओळखून वीज टाळेल. पण मग गॅराडोसवरचं सर्वांत जालीम अस्त्र त्याने आपणहून म्यान केलं. तो खारीलाच आधी संपवायला जाईल? तिच्याजवळ त्या फेरीचा मार अडवणारी 'प्रोटेक्ट' आहे, आणि जीव निम्म्यावर आला की पाव भाग भरून देणारी सायट्रस बेरी आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करील? मग 'नझल' बहुतेक प्राण्यांना लागताच लकवा देते, आणि 'सुपर फँग' समोरच्याचा त्या घडीचा जीव थेट निम्मा करते, समोरचा कितीही दांडगा असो.

या चार चालींकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म तिथे आहे. पचिरिसूच्या मूळ आकड्यांची बेरीज ४०५. त्याच संघातल्या गार्चोम्पची ६००. हा फरक दाखवून लोक थक्क होतात. पण तिच्या ४०५ मधले हल्ल्याचे ४५ आणि विशेष हल्ल्याचे ४५ तिच्या कामात जवळजवळ येतच नाहीत. 'सुपर फँग' हल्ल्याचा आकडा विचारत नाही, 'फॉलो मी' आणि 'प्रोटेक्ट' यांचा हल्ल्याशी संबंध नाही, आणि 'नझल' वापरायची ती लकव्यासाठी. जिथे ती खरोखर दुबळी आहे, त्या दुबळेपणाची किंमत तिला कुठेच मोजावी लागत नाही. उरलेल्या आकड्यांत तिचा विशेष बचाव ९० आहे, गार्चोम्पचा ८५. तिला दुबळी म्हणणाऱ्याने बेरीज केली होती. पार्कने बेरीज सोडून एकेक आकडा वाचला असणार. नाहीतर नेमक्या या चाली एकत्र आल्याच नसत्या.

हल्ले स्वतःकडे ओढण्याचं काम अमूंगस नावाची विषारी भूछत्रीही 'रेज पावडर'ने करते, आणि तिचा जीव पचिरिसूच्या जवळजवळ दुप्पट. मग ती का नको? त्या वर्षी टॅलनफ्लेम या पक्ष्याचा उड्डाण-हल्ला सगळ्यांच्या आधी येऊन आदळायचा. अमूंगसला तो दुप्पट लागतो, पचिरिसूला निम्मा. शिवाय 'रेज पावडर' वनस्पती-प्राण्यांवर चालत नाही, 'फॉलो मी' चालते. विजेचे प्राणी लकव्यापासून मुक्त, हा नियमही २०१३ च्या भागांपासूनच आलेला. आणि त्या वर्षी फक्त त्याच भागांतल्या कॅलोस प्रदेशाच्या यादीतले प्राणी चालत होते. या सगळ्या अटी एकत्र वाचल्या की खारीच्या आकाराची एक रिकामी जागा समोर येते.

इथे मला जो भेद करायचा आहे तो कैवार आणि पारख यांतला. कैवारी प्राण्यापासून सुरुवात करतो: हा माझा, याला सगळे हिणवतात, मी याला वर आणीन. मग तो त्याच्यासाठी जागा शोधत फिरतो आणि सापडली नाही तर तयार करतो, बहुधा बाकीच्या पाचांच्या जिवावर. पारखी जागेपासून सुरुवात करतो: इथे काय लागतं, आणि ते कुणाकडे आहे? कैवारी दोषाकडे कानाडोळा करतो. पारखी तो तोंडपाठ ठेवतो आणि त्याची झळ लागणार नाही अशी मांडणी करतो. निवड बाहेरून दोघांचीही सारखीच विचित्र दिसते, आणि पाहणारे दोघांना एकाच माळेत ओवतात.

मराठी माणसाला ही कथा ऐकताना रामाच्या सेतूवरची खार आठवणार, हे अटळ आहे. पण त्या खारीने दिशाभूल होते. तिचं कौतुक तिच्या भावासाठी आहे. तिने वाळू टाकली नसती तरी सेतू उभा राहिला असता, आणि कथेला ते ठाऊक आहे. ती कथा भक्तीची म्हणून थोर आहे. पचिरिसूला त्या मापाने मोजणं हा तिचा अपमान आहे. तिच्यावाचून गॅराडोस विजेपुढे उघडा पडला असता, आणि त्या संघाची सगळी जुळणीच बदलावी लागली असती.

पारखीचा पुरावा पुढे मिळाला. दुसऱ्या वर्षी यादी खूप रुंदावली, हल्ले ओढून घेणारे दुसरे प्राणी उपलब्ध झाले, आणि पचिरिसू मोठ्या स्पर्धांच्या ऐन भरातून दिसेनाशी झाली. तिच्यावरचं प्रेम कमी झालं होतं का? उलट ती आता जगप्रसिद्ध होती. प्रेम होतं तिथेच होतं, जागा गेली होती. आणि २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोत वुल्फ ग्लिक जिंकला तेव्हा क्योगर आणि रेक्वाझा या महाबलींच्या सोबत त्याच्या संघात रायचू आणि हिटमॉनटॉप होते. क्योगर पाण्याचा, आणि रायचूचा 'लायटनिंग रॉड' विजेचे हल्ले स्वतःकडे खेचतो. दोन वर्षांपूर्वीच्या युक्तीशी याचं नातं उघड आहे. त्या रायचूची गाणी कुणी गायली नाहीत. तो पुरेसा गोंडस नव्हता, पुरेसा केविलवाणाही नव्हता, आणि आपल्याला पारख दिसत नाही, केविलवाणेपण लगेच दिसतं.

या भेदाला कुणी रुक्ष म्हणेल. आवडीला काहीच वाव नाही का? आहे. यादीच्या तळाशी असलेल्या प्राण्याच्या चाली कुणी सहज वाचत बसत नाही. आवड असेल तर वाचतो. आवड माणसाला प्राण्यापर्यंत घेऊन जाऊ शकते, हे मी आनंदाने मान्य करतो. पण तिथवर गेल्यावर पुढचं काम तिचं नाही. पार्कचा पचिरिसूवर जीव होता की नव्हता, यावर माझ्या मुद्द्याचा एक शब्दही अवलंबून नाही.

आणि याची कसोटी खेळाच्या नियमातच आहे. सहा आणायचे, चार खेळवायचे. म्हणजे प्रत्येक सामन्याआधी कुणाला बसवायचं हे ठरवावंच लागतं. समोर 'अर्थक्वेक' हा जमिनीचा हल्ला करणारे दोन प्राणी दिसले तर पचिरिसूचं काम अवघड होतं. जमीन हीच तिची एकमेव कमजोरी, आणि तो हल्ला सगळ्यांवर एकदम पडतो, म्हणून 'फॉलो मी'ने तो वळवताही येत नाही. खुद्द आपल्या गार्चोम्पनेही तो केला तर शेजारच्या खारीला मार बसतो. अशा वेळी पारखी तिला बाहेर बसवतो, आणि का बसवलं हे एका वाक्यात सांगतो. कैवाऱ्याला ते जमत नाही, कारण तिला आणण्याचं त्याच्याकडे जे कारण होतं, ते समोर कोण आहे यावर कधी अवलंबूनच नव्हतं. विचित्र निवड घेऊन आलेल्या कुठल्याही खेळाडूला मला एवढंच विचारायचं असतं, की याला तू कोणत्या सामन्यात खेळवणार नाहीस?