कौल आणि संशय

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. युरोपीय महासंघात राहायचे की बाहेर पडायचे, एवढाच प्रश्न होता. ७२.२ टक्के मतदारांनी मतदान केले, ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने गेली, ४८.१ टक्के राहण्याच्या. त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ, ३१ जानेवारी २०२० पर्यंत, देश महासंघातच होता, आणि तो कोणत्या अटींवर बाहेर पडणार हे बहुतेक काळ पंतप्रधानांनाही सांगता येत नव्हते. या काळाचा राजकीय आणि आर्थिक वृत्तांत पुष्कळांनी लिहिला आहे. त्याच्या मुळाशी असलेला पेच मात्र तत्त्वज्ञानाचा आहे. निर्णय झाला की अनिश्चितता संपते असे माणूस धरून चालतो. इथे ती निर्णयापासूनच का सुरू झाली? आणि एकाच्या मतामुळे जी अनिश्चितता दुसऱ्याच्या वाट्याला येते, तिचे उत्तरदायित्व कोणाकडे?

भारतीय न्यायदर्शनाने संशयाला आपल्या सोळा पदार्थांत मानाचे स्थान दिले आहे. नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण प्रसिद्ध आहे: अंधुक उजेडात दूरवर काहीतरी उभे दिसते, तो खांब आहे की माणूस? उंची दोघांची सारखीच, म्हणून एकाच वस्तूविषयी दोन परस्परविरोधी कल्पना मनात येतात. या दर्शनाच्या मते असा संशय दोष ठरत नाही. चौकशीला तिथूनच आरंभ होतो. पाहणाऱ्याने जवळ जावे, हातपाय दिसतात का ते पाहावे, म्हणजे निर्णय होतो. निर्णय हाही त्या सोळांपैकीच एक पदार्थ. या सगळ्या मांडणीत एक गोष्ट गृहीत आहे. समोरची वस्तू जे काही आहे ते आधीच आहे. उणीव आहे ती पाहणाऱ्याच्या ज्ञानात.

ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने महासंघातून बाहेर पडण्याच्या, बाबतीत हे गृहीतकच लागू पडत नव्हते. जवळ गेल्यावर ओळखू येईल अशी कोणतीही वस्तू तिथे उभी नव्हती. बाहेर पडणे म्हणजे काय, हे मतदानाच्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हते, कारण ते ठरलेलेच नव्हते. त्यामुळे देश बाहेर पडण्याच्या मुदतीच्या जसजसा जवळ गेला, तसतसा संशय वाढत गेला.

पाश्चात्त्य अर्थविचारात याच्या जवळ जाणारा भेद १९२१ साली मांडला गेला. त्या एकाच वर्षी अमेरिकेत फ्रँक नाइट आणि इंग्लंडमध्ये जॉन मेनार्ड केन्स या दोघांची संभाव्यतेविषयीची पुस्तके प्रसिद्ध झाली. नाइट यांनी जोखीम आणि अनिश्चितता वेगळ्या काढल्या. विमा कंपनीला हजार घरांपैकी किती घरांना आग लागेल याचा अंदाज जुन्या नोंदींवरून बांधता येतो; ती जोखीम. जिथे मागचा दाखलाच नाही, तिथे शक्यतेचा आकडा काढायला आधार उरत नाही, ती अनिश्चितता. केन्स यांनी पुढे १९३७ साली युद्धाची शक्यता किंवा वीस वर्षांनंतरचा व्याजदर अशी उदाहरणे देऊन हेच सांगितले. तरी या दोघांच्या विवेचनात अनिश्चितता बाहेरून येते: बाजारातून, युद्धातून, नव्या शोधातून. ब्रिटनमध्ये ती लोकांच्या स्वतःच्या इच्छेत होती. हा तिसरा प्रकार वेगळा ओळखला नाही, तर पुढच्या घटनांचा उलगडा होत नाही.

पहिला धक्का अर्थातच बाजाराला बसला. २४ जूनच्या पहाटे पौंड दीड डॉलरवरून १.३३ डॉलरच्याही खाली उतरला. १९८५ नंतरचा तो नीचांक होता. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी सकाळीच पद सोडण्याची घोषणा केली. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी गरज पडल्यास २५० अब्ज पौंड उपलब्ध करून देण्याची तयारी जाहीर केली. त्याच दिवशी मुंबईत सेन्सेक्स सहाशेहून अधिक अंकांनी घसरला, आणि जग्वार लँड रोव्हरची मालक असलेल्या टाटा मोटर्सच्या समभागाला मोठा फटका बसला.

तरीही ब्रिटिश अर्थखात्याने मतदानापूर्वी वर्तवलेली तत्काळ मंदी आली नाही. लोक खरेदी करत राहिले, रोजगार टिकला. भाकीत चुकले, म्हणून अनिश्चिततेचा बागुलबुवा होता, असा निष्कर्ष बाहेर पडण्याच्या समर्थकांनी काढला. तो घाईचा होता. २०१६ नंतर ब्रिटनमधील उद्योगांची गुंतवणूक जवळपास तीन वर्षे जागच्या जागी थबकली. न उभारलेला कारखाना कोणाला दिसत नाही आणि न दिलेल्या नोकरीवरून कोणी काढले जात नाही, म्हणून या हानीचा साक्षीदार सापडत नाही. स्विंडनमधला होंडाचा मोटारकारखाना बंद होणार हे फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाले आणि २०२१ साली तो बंद झालाही. सुमारे साडेतीन हजार नोकऱ्यांचा प्रश्न होता. कंपनीने कारण दिले ते विजेवरच्या गाड्यांकडे वळण्याचे. ब्रेक्झिटशी याचा संबंध नाही असे तिने स्पष्ट सांगितले. ते खरे मानले तरी एक प्रश्न उरतोच: व्यापाराच्या अटी पक्क्या असत्या, तर विजेच्या गाड्या तिथेच बनवण्याचा विचार झाला असता का? जे घडले नाही त्याचे कारण शोधणे ही कार्यकारणभावाच्या मीमांसेतली सर्वांत अवघड बाब आहे, आणि या वादात दोन्ही बाजूंनी ती फार सोपी करून टाकली.

आता त्या तिसऱ्या प्रकाराकडे. मतपत्रिकेवर दोन पर्याय होते, पण ते सारख्या घडणीचे नव्हते. ‘राहणे’ म्हणजे काय ते मतदार रोज जगत होता. ‘बाहेर पडणे’ या शब्दांत मात्र नॉर्वेसारखे एकसंध बाजारपेठेत राहणे, सीमाशुल्क संघ तेवढा ठेवणे, कॅनडासारखा व्यापार करार करणे आणि कोणताही करार न करता निघून जाणे, एवढे सगळे सामावले होते. १ कोटी ७४ लाख लोकांनी एकाच चौकटीत फुली मारली. त्यांच्या मनातली ठिकाणे वेगवेगळी होती. मासेमारी बंदरातला नाविक, स्थलांतराने धास्तावलेला कामगार आणि खुल्या जागतिक व्यापाराची स्वप्ने पाहणारा वित्तव्यावसायिक यांची मते मोजताना एकत्र आली आणि अंमलबजावणीच्या वेळी फुटली.

फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांनी १७८५ सालीच दाखवून दिले होते की, पर्याय दोनापेक्षा अधिक झाले की बहुमत आपल्याच भोवती फिरू शकते: पहिल्यापेक्षा दुसरा बरा, दुसऱ्यापेक्षा तिसरा, आणि तिसऱ्यापेक्षा पुन्हा पहिला. ब्रिटिश संसदेत नेमके असेच चक्र होते हे सिद्ध करता येणार नाही, पण त्याची छाया स्पष्ट दिसली. कॅमेरॉन यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी महासंघाशी केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. नंतर तो आणखी दोनदा फेटाळला गेला. २७ मार्च रोजी कनिष्ठ सभागृहाने आठ पर्यायांवर एकाच संध्याकाळी मत दिले. सदस्यांना कागदावर प्रत्येक पर्यायापुढे होय किंवा नाही लिहायचे होते. आठांपैकी एकालाही बहुमत मिळाले नाही. कराराविना बाहेर पडण्याला ४०० जणांनी नकार दिला. पाच दिवसांनी, १ एप्रिलला, चार पर्याय पुन्हा मांडले गेले. सीमाशुल्क संघाचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६, म्हणजे अवघ्या तीन मतांनी पडला. या सभागृहाला काय नको ते सांगता येत होते. सदस्यांवर तेव्हा नेभळटपणाचा आरोप झाला, तो अन्यायाचा होता. जी संदिग्धता मतपत्रिकेवर दडली होती तीच सभागृहात उघडी पडली.

मग कौल बंधनकारक होता का? कायद्याने नव्हता. २०१५ च्या ज्या कायद्यान्वये सार्वमत झाले, त्यात निकाल अमलात आणण्याचे बंधन नव्हते. परंतु सरकारने घरोघरी पाठवलेल्या पत्रकात, तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणील, असे वचन होते. वचनाची नैतिक ताकद कायद्याहून कमी नसते. फक्त, जे काय आहे ते ठरलेलेच नाही, ते करण्याचे वचन पाळायचे कसे? १७७४ साली एडमंड बर्क यांनी ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले होते की, प्रतिनिधी त्यांना आपली विवेकबुद्धी देणे लागतो, केवळ आज्ञापालन नव्हे. रूसोच्या मते लोकांची सामूहिक इच्छा हीच सार्वभौम, आणि ती दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही. २०१६ नंतरची संसद या दोन विचारांमध्ये सापडली. बहुसंख्य सदस्य स्वतः राहण्याच्या मताचे होते आणि त्यांतले कित्येक बाहेर पडण्याचा कौल देणाऱ्या मतदारसंघांतून निवडून आलेले होते. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध तीन अशा निकालाने, महासंघाला बाहेर पडण्याची नोटीस देण्यापूर्वी संसदेची संमती हवी, असे ठरवले. अधिकार कोणाचा, हे त्यामुळे स्पष्ट झाले; इच्छा कोणती, ते झाले नाही.

उत्तर आयर्लंडने या चर्चेला वेगळेच परिमाण दिले. तिथे अनिश्चितता हीच शांततेची बैठक होती. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानुसार तिथल्या माणसाला स्वतःला आयरिश म्हणवण्याचा, ब्रिटिश म्हणवण्याचा किंवा दोन्ही म्हणवण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. एकच भूमी एका दृष्टीने हे आणि दुसऱ्या दृष्टीने ते, ही मांडणी जैन अनेकांतवादाच्या अभ्यासकाला परकी वाटणार नाही. सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर दोनशेहून अधिक रस्ते होते आणि दोन्ही देश महासंघात असल्यामुळे कुठेही मालाची तपासणी नव्हती. ब्रेक्झिटने विचारले: सीमा कुठे आहे ते सांगा. जमिनीवर आखली तर आयरिश राष्ट्रवादी दुखावणार, समुद्रात आखली तर ब्रिटनवादी. शेवटी ती समुद्रात आखली गेली. ब्रिटन आणि महासंघ यांच्यात ठरलेल्या २०२३ च्या विंडसर आराखड्याने तिची धार कमी केली. दरम्यान ब्रिटनवाद्यांच्या मोठ्या पक्षाच्या बहिष्कारामुळे बेलफास्टचे प्रांतिक सरकार दोन वर्षे ठप्प राहिले. सर्वच संदिग्धता घालवण्याजोगी नसते, हे न ओळखण्याची ही किंमत होती.

राहिला प्रश्न भार कोणावर पडला याचा. त्याचे एक उदाहरण गोव्याशी जोडलेले आहे. डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर ब्रिटनमध्ये गेले. स्विंडन आणि साउथॉलमध्ये त्यांची मोठी वस्ती झाली. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे त्यासाठी भारतीय पासपोर्ट सोडावा लागला होता. सार्वमतात ब्रिटनवासी राष्ट्रकुल नागरिकांना मताधिकार होता. महासंघातील देशांच्या नागरिकांना, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडून, नव्हता. परिणामी, सासष्टीतले दोन सख्खे भाऊ स्विंडनमध्ये एका घरात राहत असतील, तर भारतीय पासपोर्टवाल्याला मत देता येत होते आणि पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला येत नव्हते. ज्याचे भवितव्य पणाला लागले होते तोच मतदार नव्हता. त्याला पुढे ३० जून २०२१ पर्यंत वास्तव्याच्या हक्कासाठी अर्ज करावा लागला. सलग पाच वर्षांचे वास्तव्य करनोंदींतून दिसले तर ठीक; मध्ये खंड असेल तर पगाराच्या चिठ्ठ्या, भाडेकरार, बँकेचे उतारे जमवायचे. हक्क मिळाला तरी हातात कार्ड नाही, फक्त सरकारी संगणकावरची नोंद. मोठी कंपनी विनिमयदराच्या चढउतारापासून संरक्षण विकत घेऊ शकते. गोदामात रात्रपाळी करणाऱ्याला तशी सोय कोणी विकत नाही. संमतीवाचून लादलेला भार न्याय्य ठरायचा असेल, तर तो लादणाऱ्यांनी निदान त्याची मुदत आणि अटी आधी सांगायला हव्या होत्या. त्या सांगता येत नव्हत्या, हाच मूळ दोष.

हे टाळता आले नसते असे म्हणता येत नाही. स्कॉटलंडच्या सरकारने २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतापूर्वी साडेसहाशेहून अधिक पानांची श्वेतपत्रिका काढली होती. तिच्यातले सगळे दावे पटण्यासारखे नसतील, पण वाद घालायला मजकूर समोर होता. न्यूझीलंडने निवडणूकपद्धत बदलताना लोकांना दोनदा विचारले. १९९२ साली बदल हवा का आणि हवा तर चारांपैकी कोणता, असे विचारले. १९९३ साली निवडलेल्या पद्धतीचा कायदा आधी मंजूर करून, तो जुन्या पद्धतीसमोर ठेवून अंतिम मत घेतले. ५३.९ टक्के लोकांनी नवी पद्धत स्वीकारली. हे बहुमत ब्रिटनमधल्या बहुमताहून फार मोठे नव्हते, तरी १९९६ ची निवडणूक नव्या पद्धतीने सुरळीत पार पडली. हा मार्ग ब्रिटनलाही मोकळा होता. तो घेतला गेला नाही, याचा दोष मत देणाऱ्यांकडे जात नाही. प्रश्न लिहिणाऱ्यांकडे जातो.