तेहतिसाव्या अंकाच्या आधी आणि नंतर

चि. सायलीस,


हॉस्टेलची खोली मिळाली, वर्ग सुरू झाले, असं ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. सोबत एक पुस्तक पाठवतो आहे, स्पायडरमॅनच्या जुन्या कॉमिक्सचा संग्रह. सिनेमे तू सगळे पाहिले आहेस. पण हा स्पायडरमॅन कागदावरचा आहे, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को या दोघांनी साठच्या दशकात घडवलेला.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर, जुन्या मासिकांच्या ढिगात 'मार्व्हल टेल्स'चे अंक सापडत. त्यात या जुन्या गोष्टी पुन्हा छापलेल्या असत. हाताला लागेल तो अंक घ्यायचा. पुढचा-मागचा मिळेलच याचा भरवसा नाही. मला 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या ३३व्या अंकातली गोष्ट मिळाली आणि अक्षरशः पाठ झाली. तिच्या आधीच्या दोन मात्र कधीच मिळाल्या नाहीत. आता या संग्रहात ३१, ३२ आणि ३३ ओळीने वाचले आणि माझ्या आवडत्या गोष्टीला मागचं दार आहे हे कळलं.

आधी ३३व्याबद्दल सांगतो. हा अंक फेब्रुवारी १९६६चा. शत्रूच्या पाण्याखालच्या अड्ड्यात पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, प्रचंड यंत्राखाली गाडला गेला आहे. छतातून पाणी गळतंय. त्याला वाढवणाऱ्या मे काकूचा जीव वाचवणारं औषध समोरच पडलंय, पण हात पोचत नाही. यंत्र उचललं हे दाखवायला एक चौकट पुरली असती. डिट्कोने त्यासाठी पानांमागून पानं दिली आहेत. पीटर जोर लावतो, खचतो, पुन्हा जोर लावतो. बेन काका आणि मे काकूचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढे येतात. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात आणि शेवटी एका अख्ख्या पानावर तो ते यंत्र उचलून फेकतो. 'होमकमिंग' या २०१७च्या सिनेमात ढिगाऱ्याखालून उठणारा पीटर तुला आठवत असेल. त्या प्रसंगाचं मूळ इथे आहे.

पण तुला हे पुस्तक पाठवतोय ते ३१व्या अंकासाठी. डिसेंबर १९६५च्या त्या अंकात पीटरचा कॉलेजचा पहिला दिवस आहे. हॅरी ऑस्बॉर्न आणि ग्वेन स्टेसी हे त्याचे वर्गसोबती आपल्याला पहिल्यांदा तिथेच भेटतात. मुलं त्याच्याशी बोलायला येतात, तो उत्तरच देत नाही. भाव खातो, शिष्ट आहे, असा त्याच्याबद्दल वर्गाचा समज होतो. आपल्याला मात्र ठाऊक असतं की काकू आजारी आहे आणि त्याचं चित्त थाऱ्यावर नाही. पुढच्या अंकात कळतं की तिच्या आजाराचं कारण पीटरचंच रक्त आहे. पूर्वी त्याने तिला रक्त दिलं होतं, त्यातून किरणोत्सर्ग तिच्या अंगात गेला. मग तो प्रयोगाचं सामान मोडून औषधासाठी पैसे उभे करतो.

हे सगळं वाचून मी पुन्हा ३३व्याकडे आलो, तेव्हा ते यंत्र जास्त जड वाटलं. त्याच्या वजनात वर्गातला तो अबोलाही होता. आणि या वेळी मी उचलण्याच्या पानापाशी थांबलो नाही. यंत्र फेकलं की गोष्ट संपत नाही, सायली. पाय दुखावलेला, वरून पाण्याचा लोंढा, समोर शत्रूची माणसं. त्यातून वाट काढत तो औषध पोचवतो, मार खाल्लेल्या तोंडानेच फोटो विकायला वर्तमानपत्राच्या कचेरीत जातो, कारण घर चालवायचं असतं, आणि मग दवाखान्यात काकूला बघायला येतो. डॉक्टरांना समोर दिसतो तो फक्त एक थकलेला पोरगा.

या अंकांचं कथानक रचणाराही डिट्कोच होता. तो चित्रं काढायचा आणि त्यावर संवाद स्टॅन ली लिहायचा. ३८व्या अंकानंतर डिट्को स्पायडरमॅन सोडून गेला. २०१८ साली तो वारला. मुलाखती तो जवळपास देतच नसे, त्यामुळे त्याला काय म्हणायचं होतं ते या पानांतच शोधावं लागतं. मला त्यात सापडलं ते असं: ताकद एका क्षणी दिसते, पण ती साठते रोजच्या, कुणाला न दिसणाऱ्या निभावण्यात.

तुझ्या वर्गातही कुणीतरी असेल, हाक मारली तरी ओ न देणारं. 'शिष्ट' म्हणून सोडून देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मार, चहाला ने. आणि कधी तुझ्याच डोक्यावर घरचं ओझं आलं, तर पीटरसारखी गप्प राहू नकोस. ताईला नाहीतर मला रात्री-अपरात्री फोन कर. वाचताना ३१पासून सुरुवात कर, उड्या मारू नकोस. वाचून झालं की तुला कोणतं पान आवडलं ते कळव.

तुझा,
मामा